मास्तरीण आणि संगणक क्रमांक दोन

रुखमिणीबाई गेल्या तेव्हा मागे अकरा कोंबड्या ठेवून गेल्या. त्याला आता दोन वर्षं झाली. चार मुंगसाने नेल्या, दोन रोगाने गेल्या, आणि या एप्रिलात ऊन असं तापलं की उरलेल्या पाचांतल्या चार आठ दिवसांत माना टाकून पडल्या. राहिली एक. तिचं नाव मास्तरीण. मान ताठ ठेवून, समोरच्या माणसाकडे एका डोळ्याने बघत चालायची, म्हणून रुखमिणीबाईंनीच तिला ते नाव दिलं होतं.

यादोराव कापगते यांना कोंबड्यांचं कधी प्रेम नव्हतं. रुखमिणीबाई रोज दिवस मावळताना अंगणात उभ्या राहून मोठ्याने कोंबड्या मोजायच्या आणि ओरडायच्या, "अजी, एक कमी हाय ना!" यादोराव पेपरमधून डोकं न काढता म्हणायचे, "असंल तिथंच." आणि ती तिथंच असायची. बाई गेल्यावर मोजायचं काम यादोरावांकडे आलं. ते मनातल्या मनात मोजायचे. आता एकच राहिली, तेव्हा मोजण्यासारखं काही उरलं नाही. पण तीही गेली तर संध्याकाळी अंगणात जायचं तरी कशाला, हा विचार त्यांना सोसेना.

यादोराव लाखांदूरच्या बाजूच्या तलाव पाणीवाटप कार्यालयात मोठे बाबू होते. कार्यालय तीन खोल्यांचं. काम एकच. आसपासच्या सत्तावीस तलावांचं पाणी कोणत्या गावाला कोणत्या दिवशी सोडायचं ते ठरवायचं, आणि त्या दिवशी तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडायला माणूस पाठवायचा. साहेबांकडे तीन कार्यालयांचा चार्ज होता, ते मंगळवारी दारातूनच सह्या करून जायचे. बाकीचे दिवस यादोराव, ज्योत्सना नावाची कंत्राटी ऑपरेटर आणि मनिराम शिपाई, असं तिघांचं राज्य होतं.

दोन वर्षांपूर्वी कार्यालयात दोन संगणक आले. त्याआधी यादोराव लाल वहीत पाळी लिहायचे, मनिरामला सांगायचे, आणि मनिराम सायकलने जाऊन तुडूम उघडायचा. संगणक आल्यावर यादोराव लाल वहीत पाळी लिहू लागले, ज्योत्सना ती संगणकात टाकू लागली, मग त्याची प्रिंट, प्रिंटवर सही, सहीच्या कागदाचं स्कॅन, स्कॅन भंडाऱ्याला. तिथले लोक त्याची प्रिंट काढून सही करून पुन्हा स्कॅन पाठवायचे. त्याची इकडे प्रिंट निघायची, ती लाल वहीत डिंकाने चिकटवली जायची, आणि मग मनिराम सायकलने जाऊन तुडूम उघडायचा. सायकल तीच होती.

संगणकांना उकडू नये म्हणून त्या खोलीत एसी बसवला होता. माणसांना उकडण्याबद्दल कागदात काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे माणसंही तिथंच बसायची. संगणक क्रमांक एक ज्योत्सनाचा. क्रमांक दोन यादोरावांचा. यादोराव दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहायचे. त्यापलीकडे त्यांनी त्याला हात लावला नव्हता. त्या टेबलावर तिघं डबा खायचे. दुपारी चारला चहाबरोबर चिवडाही तिथंच व्हायचा, आणि निम्मा चिवडा कीबोर्डच्या फटींत जायचा.

मास्तरीण एकटी उरली त्याच आठवड्यात भंडाऱ्याहून एक परिपत्रक आलं. ज्योत्सनाने ते मोठ्याने वाचलं.

"प्रत्येक संगणकाची उत्पादकता मोजायचं सॉफ्टवेअर बसवून राहिले, बाबूजी. कोण किती बटणं दाबते ते तिकडे दिसंल. दर सोमवारी ग्रुपवर यादी येईल. सलग दोन आठवडे तीस टक्क्यांच्या खाली गेला, तर तो संगणक उचलून नेणार."

"नेऊ दे," यादोराव म्हणाले. "डबा खाली बसून खाऊ."

"पुढे ऐका ना. दोन संगणकांमागे एक एसी मंजूर आहे. एक गेला तर एसी बी जाणार."

मनिरामने हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं. "हे तं खून करून राहिले," तो म्हणाला.

पहिली यादी आली. क्रमांक एक, एक्केचाळीस टक्के. क्रमांक दोन, शून्य.

बुधवारी यादोराव कामावर आले ते हातात रुखमिणीबाईंनी विणलेली वायरची पिशवी घेऊन. पिशवीवर टॉवेल होता. एसटीत पिशवीतून आवाज आला की ते खोकायचे. कार्यालयातही दोन वेळा खोकले.

"बाबूजी, छातीचा फोटो काढून घ्या," ज्योत्सना म्हणाली.

"धूळ हाय, बाई."

तेवढ्यात टॉवेल वर उचलला गेला आणि मास्तरणीने मान बाहेर काढून ज्योत्सनाकडे एका डोळ्याने पाहिलं.

"अगं माय!"

"घरी मरंल ते," यादोराव म्हणाले. "उन्हाचं पाहून राहिली ना तू? इथं थंडं हाय. टेबलाखाली बसंल. काही करत नाही ते."

मनिराम जवळ येऊन वाकला. "बाबूजी, रस्सा कधी?"

"मनिराम, ते रुखमिणीची हाय."

मनिरामने प्रिंटरचा रिकामा खोका आणला, त्यात तांदळाचं पोतं अंथरलं आणि क्रमांक दोनच्या टेबलाखाली यूपीएसच्या बाजूला ठेवून दिला. यूपीएस जुना होता, दिवसभर घूं घूं करायचा आणि गरम राहायचा.

मास्तरीण खोक्यात तासभर बसली. मग खुर्चीवर चढली, खुर्चीवरून टेबलावर, आणि तिला कीबोर्ड सापडला. दोन वर्षांचा चिवडा होता त्यात. पोहे, मुरमुरे, डाळ्या, सगळं फटीफटींत. मास्तरणीने एका टोकापासून सुरुवात केली. टक टक टक टक. एक दाणा निघाला की पुढचं बटण. आवाज असा येत होता की बाहेरून येणाऱ्याला वाटावं, आत स्टेनो बसली आहे.

ज्योत्सनाने पडद्याकडे पाहिलं. अर्ज लिहायची कोरी फाईल उघडी होती, तिच्यात 'ळळळळगगप' अशी चार पानं भरली होती.

"बाबूजी, ही टाईप करून राहिली!"

"हाकल तिले."

"थांबा जी," मनिराम म्हणाला. तो नववी नापास होता, पण सरकारी कामात त्याचं डोकं तिघांत जास्त चालायचं. "किती बटणं दाबले तेवढंच मोजते ना ते? कोन दाबले ते थोडी मोजते."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मनिरामने डब्यातला उरलेला मूठभर चिवडा कीबोर्डवर भुरभुरला.

सोमवारची यादी आली. क्रमांक एक, एक्केचाळीस टक्के. क्रमांक दोन, यादोराव कापगते, शहाण्णव टक्के. जिल्ह्यात पहिले. ग्रुपवर अंगठे आणि फुलांचे गुच्छ पडले. कोणीतरी लिहिलं, "वयाची सत्तावन्न वर्षं होऊनही तंत्रज्ञान आत्मसात करणाऱ्या कापगते बाबूंचा आदर्श सर्वांनी घ्यावा." यादोरावांनी ते वाचलं आणि मास्तरणीसाठी वाटीत पाणी ठेवलं.

एक गडबड झाली. संगणकावर झालेलं प्रत्येक काम प्रिंट काढून फाईलला लावायचं आणि प्रत भंडाऱ्याला पाठवायची, असा नियम होता, आणि मनिराम नियमाचा पक्का. त्याने मास्तरणीने लिहिलेली एकशे बारा पानं छापली, जावक क्रमांक टाकला आणि लखोटा पाठवून दिला. ज्योत्सनाला कळलं तेव्हा तिने डोक्याला हात लावला. दहा दिवसांनी पानं परत आली. वर लाल शाईत शेरा होता, "पाहिले. पृष्ठ ४७ वरील माहिती अपूर्ण वाटते, खुलासा करावा."

ज्योत्सनाने सत्तेचाळीसावं पान काढून पाहिलं. त्यावर अर्धंच पान भरलेलं होतं. त्या वेळी चिवडा एंटरच्या बटणाखाली जास्त सापडला असावा.

असे दिवस बरे चालले होते. मास्तरीण रोज पिशवीतून यायची, रोज पिशवीतून जायची. सकाळी घरच्या अंगणात शेजारच्या बाबुलालचा कोंबडा येऊन जायचा, त्याची बाबुलालला कल्पना नव्हती. ती कार्यालयात येऊन खोक्यात अंडं घालायची आणि मग कामाला लागायची. यादोरावांनी एकही अंडं उचललं नाही. मनिरामने दोनदा आमलेटचा विषय काढला, दोनदा त्याला पाणी आणायला पाठवण्यात आलं.

नववं अंडं घातलं त्या दिवशी मास्तरीण खोक्यातून उठली नाही. चिवडा दाखवला, उठली नाही. यादोरावांनी हात पुढे केला तर पिसं फुलवून हातावर चोच मारली.

"खुडूक बसली," मनिराम म्हणाला. खुडूक म्हणजे अंड्यांवर बसलेली, आता एकवीस दिवस ती कोणाचं ऐकणार नव्हती.

यादोराव खाली वाकून तसेच बसले. त्यांचे डोळे चमकले. रुखमिणीच्या कोंबड्या संपल्या असं ते धरून चालले होते, आणि इथं नऊ अंड्यांवर ती बसली होती.

"आता हिले हलवाचं नाही," ते म्हणाले. "इथंच राहू दे. मनिराम, तू मागच्या खोलीत राहतेस, रविवारी एसी चालू करजो."

"ते करीन जी. पन यादीचं काय?"

यादीचं काय ते सोमवारी कळलं. क्रमांक दोन, दोन टक्के. ते दोन टक्के सुद्धा मनिरामने फडक्याने कीबोर्ड पुसला त्याचे होते. खाली सूचना होती. आणखी एक आठवडा असाच गेला तर संगणक आणि एसी नेण्यात येईल.

यादोरावांनी हिशोब केला. अंडी फुटायला दोन आठवडे होते. एसी गेला तर खोलीची भट्टी होणार, आणि खुडूक कोंबडी उन्हात अंडी सोडून उठत नाही, बसल्या जागी मरते. हे रुखमिणीनेच त्यांना कधीतरी सांगितलं होतं, पेपरच्या पलीकडून.

"आपुन दाबू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दाबणं सुरू झालं. सकाळी अकरा ते एक यादोराव, एक ते तीन मनिराम, तीन ते पाच ज्योत्सना. मास्तरीण जे काम सहज करायची ते माणसांना जड गेलं. मनिराम एकाच बोटाने एकच बटण दाबायचा आणि दर दहा मिनिटांनी म्हणायचा, "कोंबडीचे हाल समजले मले." यादोरावांची करंगळी सुजली. ज्योत्सना दोन्ही हातांनी दाबायची, पण तिच्या संगणकावरचं काम पडून राहायला लागलं. सोमवारी क्रमांक दोनला अठ्ठ्याऐंशी टक्के आले. क्रमांक एक घसरून तीसवर आला होता, म्हणून त्यालाही थोडं थोडं दाबायचं ठरलं.

कार्यालय एवढं कामात कधीच नव्हतं. आणि लाल वही आठ दिवसांत उघडली गेली नव्हती.

विसाव्या दिवशी भंडाऱ्याहून रत्नमाला मॅडम आल्या. सॉफ्टवेअर त्यांच्याकडे होतं. शहाण्णव, सत्त्याण्णव, मग दोन, मग अठ्ठ्याऐंशी, असा आकडा जिल्ह्यात कुठेच उड्या मारत नव्हता, तो बघायला त्या न सांगता आल्या होत्या. दाराबाहेर चिंचेखाली सात-आठ शेतकरी बसलेले त्यांनी पाहिले. आत मनिराम दाबत होता.

"हे काय चाललंय?"

मनिराम उभा राहिला, पण सवयीने बोट चालूच राहिलं. "उत्पादकता, मॅडम."

टेबलाखालून 'कुक्' असा आवाज आला. यादोराव जोरात खोकले. ज्योत्सना खोकली. मनिरामने दोघांकडे बघितलं आणि तोही खोकला.

"तुम्हाला सगळ्यांना खोकला झालाय का?" मॅडमने रुमाल नाकाला लावला.

"साथ हाय," मनिराम म्हणाला.

मॅडम खुर्ची ओढून बसल्या, तेवढ्यात बाहेरचा आवाज आत आला. बेबीबाई होती. साठीची बाई, कमरेला पदर खोचलेला, पायांना वाळलेला चिखल नाही, नुसती धूळ. पाणी नसलेल्या शेतातून आली हे पायांवरूनच दिसत होतं.

"कापगते बाबू, तीन दिवसांपासून येऊन राहिली मी. आतमधून टकटक आवाज येते. हा मनिराम म्हणते, काम चालू हाय, बसा. कोनतं काम चालू हाय जी? शुक्रवारी आमची शेवटची पाळी होती. तुडूम उघडाले कोनी आलंच नाही. लोंब्या भरून राहिल्या धानाच्या. आज पानी नाही भेटलं तं दाना नाही भरत, पोल होईल सारा."

यादोराव शुक्रवारी दाबत होते. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पाळी चुकली नव्हती. रुखमिणी आजारी होती तेव्हाही दवाखान्याच्या फोनवरून त्यांनी मनिरामला पाळ्या सांगितल्या होत्या.

"ऑपरेटर, यांची पाळी काढा," मॅडम म्हणाल्या.

ज्योत्सनाने काढायला घेतलं. पडद्यावर गोल फिरू लागलं. गोल फिरत राहिलं. सगळे त्या गोलाकडे बघत राहिले, बेबीबाई सुद्धा.

"काय फिरून राहिलं ते?" तिने विचारलं.

"सर्व्हर शोधतोय," मॅडम म्हणाल्या.

"माह्या धानाले शोधून राहिला का?"

यादोराव उठले. त्यांना ठाऊक होतं, मनिराम सायकलवर गेला आणि ते स्वतः लाल वहीला लागले तर दाबायला कोणी उरत नाही. ज्योत्सनाकडे आठ दिवसांचं साचलेलं काम होतं. म्हणजे सोमवारी आकडा पडणार. आणि तो पडताना बघायला मॅडम समोरच बसल्या होत्या. त्यांनी एकदा टेबलाखाली पाहिलं. मास्तरीण एका डोळ्याने त्यांच्याकडेच बघत होती.

"मनिराम, बोट काढ तिथून," ते म्हणाले. "सायकल घे. दोन नंबरच्या तलावाचं डावं तुडूम, चार फेरे उघड. बाई, घरी जा, पाच वाजेपर्यंत बांधाले पानी लागंल. चूक माही झाली." मग दाराशी जाऊन चिंचेखालच्या लोकांना म्हणाले, "एकेक करून आत या. वही काढून राहिलो."

बेबीबाईने तोंडात आलेली शिवी परत गिळली. "हेच तीन दिवसांआधी सांगतलं असतं तं," एवढं बोलून ती निघाली.

मॅडमने हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. "तुम्ही कुठे बघितलंत? काही उघडलं नाहीत."

"यात काय पाहाचं, मॅडम? एकतीस वर्षं झाले."

ज्योत्सनाच्या पडद्यावरचा गोल अजून फिरत होता. खोलीत आता टकटक नव्हती, आणि त्या शांततेत टेबलाखालून अगदी बारीक आवाज आला. चिव.

यादोराव खोकायचे विसरले. पुन्हा आला. चिव चिव.

मॅडम खुर्चीतून उतरल्या, साडी सावरून गुडघ्यांवर बसल्या आणि टेबलाखाली डोकं घातलं. ज्योत्सनाने यादोरावांची बाही धरली.

"किती मांडले होते जी खाली?" टेबलाखालून आवाज आला. तो भंडाऱ्याच्या ऑफिसातला आवाज नव्हता.

"नऊ," यादोराव म्हणाले.

"एक दिवस आधीच फुटून राहिले. यूपीएसच्या गरमीनं असंल." मॅडम बाहेर आल्या. केसांना जाळं लागलं होतं. "मी चिखला गावची. खदानीच्या चाळीत आमच्या मायनं चौदा कोंबड्या पोसल्या. एक खुडूक बसली का मले शाळेतून काढून राखनीले बसवे." मग त्यांनी कीबोर्ड उचलून उलटा केला. टेबलावर डाळ्या पडल्या, आणि एक लालसर पीस. मॅडम त्या पिसाकडे बघत राहिल्या. "शहाण्णव टक्के?"

"हो जी."

"आणि ती एकशे बारा पानं?"

"तिचेच," यादोराव म्हणाले. "सत्तेचाळीसच्या खुलाशाचं काय करू, मॅडम?"

मॅडम हसल्या नाहीत, कारण तो शेरा त्यांचाच होता. पण त्यांनी तोंड वळवलं आणि त्यांचे खांदे हलताना ज्योत्सनाने पाहिले.

यादोरावांनी मग सगळं सांगितलं. घरची कोंबडी आहे, बायको गेली, तिच्या अकरांतली ही शेवटची. सांगायला दोन मिनिटं सुद्धा लागली नाहीत. शेवटी म्हणाले, "संगनक न्या. एसी न्या. आठ दिवस थांबा फक्त. पिल्लं थोडी सुधरू द्या."

मॅडमने तपासणीची वही मागितली आणि हाताने लिहिलं. ज्योत्सनाने नंतर ते मोठ्याने वाचलं. "संगणक क्रमांक दोनची प्रत्यक्ष पाहणी केली. त्याचा कार्यालयाला उपयोग होत असल्याचे स्वतः पाहिले. जागेवरून हलवू नये. पाळीवाटपाचे काम लाल वहीवरून त्वरित होते, तेही हलवू नये. कर्मचाऱ्यांनी विनाकारण बटणे दाबू नयेत."

जाताना दारात थांबून त्या म्हणाल्या, "भंडाऱ्याला माझ्या बाजूच्या टेबलावर पंखा आहे, कापगते बाबू. फिरता. त्याला दोरी बांधून तिथल्या बाबूने कीबोर्डवर चमचा लटकवलाय. त्या बाबूला नव्वद येतात. मी समजत होते तो फार काम करतो."

नवांतली सात अंडी फुटली. पिल्लं महिनाभर प्रिंटरच्या खोक्यात वाढली आणि ऊन उतरल्यावर वायरच्या पिशवीतून, दोन खेपांत, घरी गेली. त्या सोमवारी क्रमांक दोनला शून्य टक्के आले, आणि ग्रुपवर कोणी काही बोललं नाही.

त्या संध्याकाळी यादोराव अंगणात खुर्ची टाकून बसले. तांदळाची कणी टाकली. पिल्लं त्यांच्या पायांवरून धावत होती. फोन त्यांनी खाली ठेवला होता, त्यावर एक पिल्लू चढलं आणि नाचलं. थोड्या वेळाने फोन वाजला. यादोरावांनी चष्मा लावला. कार्यालयाच्या ग्रुपवर त्यांच्या नावाने 'ग्ग्ग्ळळप' असं गेलं होतं, आणि रत्नमाला मॅडमने विचारलं होतं, "हे कोण?"

यादोरावांनी आजपर्यंत फोनवर एक शब्द लिहिला नव्हता. ज्योत्सना लिहून द्यायची. त्यांनी सुजून बरी झालेली करंगळी पुढे केली आणि एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं. अकरा मिनिटं लागली. "सातवं पिलू."

मग फोन खिशात ठेवून ते उभे राहिले आणि मोठ्याने मोजायला लागले. बाबुलाल कुंपणावरून बघत होता, तरी मोठ्यानेच. सात आणि मास्तरीण. आठ.

"एकबी कमी नाही जी," ते म्हणाले, आणि दार लोटायला गेले.